तीनशे सतरा नंबरचा हात

४ मार्च, दुपार

दादा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो. आज हात वळत नाही, तेव्हा तो लिहिला आहे असं धरून चाल. फोन तू उचलत नाहीस. मागे एकदा म्हणाला होतास, "फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, त्यापेक्षा लिहीत जा." घे, लिहिते.

तुला नव्या शहरात जाऊन नऊ दिवस झाले. नवं विद्यापीठ, नवी खुर्ची, समोर माना डोलावणारी नवी मुलं. आणि इकडे मी त्याच खोलीत, त्याच पडद्यासमोर. आज महिन्याचं फायलिंग होतं. तुला माहीत आहे, क्लिप बघताना आम्हाला फक्त नंबर दिसतो. निर्णय झाला की ऑफिसातून नावांची यादी येते आणि मी रजिस्टरमध्ये नंबरासमोर नाव लिहिते. आज सकाळी यादी आली. तीनशे सतरासमोर बाबांचं नाव होतं.

मी ते नाव माझ्या अक्षरात रजिस्टरमध्ये लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

जानेवारीत मी तुला कँटीनमध्ये विचारलं होतं, बाबांची क्लिप कोण बघणार? परीक्षकाने नातेवाइकाची क्लिप बघायची नाही हा नियम तूच लिहिलास, समितीत तूच आहेस, म्हणून विचारलं. तू पोळीचा घास तोंडात घालत म्हणालास, "बाहेरच्या हॉस्पिटलला पाठवलीय. तिकडचे बघतील. तू जेव." आणि मी जेवले. तुझ्या ताटातली भाजीसुद्धा घेतली.

ती क्लिप बाहेर गेलीच नव्हती. ती माझ्या पुढ्यातल्या गठ्ठ्यात होती. सहा मिनिटांची. चेहरा झाकलेला, कॅमेरा हातावर आणि पावलांवर. डॉक्टर सांगतात, अंगठा वर करा, मूठ उघडा, आणि दहा सेकंदांत काही हललं तर ते मोजायचं. अकरा वर्षं मी हेच करते आहे. मेंदूला मार बसलेली माणसं, डोळे उघडे, आणि आत कुणी आहे का ते मी सांगायचं. आधी कागदावर दोन चौकोन होते, जाणीव आहे आणि जाणीव नाही. तूच ओरडून ओरडून ते चौकोन काढायला लावलेस आणि तिथे दहा सेंटिमीटरची रेघ आणलीस, शून्याला जाणीव नाही, दहाला पूर्ण आहे, आणि खूण मधे कुठेही. माणूस म्हणजे दिवा नाही, लागला किंवा विझला म्हणायला, असं तू समितीला सुनावलंस. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी घरी जाऊन बाबांना तुझी नक्कल करून दाखवली.

तीनशे सतरावर मी दोन सेंटिमीटरला खूण केली. मग समितीची बैठक झाली. तिचं टिपण आज मी कपाटातून काढून वाचलं. वॉर्ड ठरवायला सोपं जावं म्हणून पाचाच्या खाली ते सगळे 'नाही' धरावेत असा ठराव. मांडणारा कोण, तर तू. रेघ आणणारा तू आणि मधोमध कापणाराही तूच. त्याच दिवशी बाबांना व्यायामाच्या वॉर्डातून तळमजल्यावर हलवलं. मला तू सांगितलंस की वरती खाटा कमी पडल्या. वर्षभर आता त्यांची पुन्हा तपासणी नाही.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असणार. एकच विचारते. ती क्लिप माझ्या गठ्ठ्यात चुकून आली की तू ठेवलीस? हो की नाही, एवढंच कळव.

तुझी बहीण

१३ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. हो की नाही विचारलं होतं, तू तीन पानं पाठवलीस. पहिलं पान 'ठेवली' या शब्दात किती प्रकारचे हेतू असू शकतात यावर. बाबा तुला 'पण' म्हणायचे ते उगाच नाही. बाबांच्या शिवणकामाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तू काउंटरखालून विचारायचास, पण लांब म्हणजे किती लांब? पण घट्ट म्हणजे कुणाला घट्ट? बाबा कौतुकाने सांगायचे, आमचा हा 'पण' पुढे वकील होणार. वकील बरा असता.

दुसऱ्या पानावर एकदाचा आलास ताळ्यावर. क्लिप तूच ठेवलीस. का, तर तू लिहितोस, "मला असं माणूस हवं होतं जे त्यांच्यावर माया करतं, आणि आपण माया करतोय हे ज्याला त्या सहा मिनिटांपुरतं माहीत नाही. तुझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं."

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. चांगलं आहे. तुझ्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावं असं. त्या वाक्यात मी कुठे आहे ते मात्र मला सापडलं नाही. एक डोळा आहे, पेन्सिल धरलेला एक हात आहे. निर्णय तुला पेलवेना, म्हणून तू तो माझ्या हातून करून घेतलास आणि तो मी केला आहे हे मला कळूही दिलं नाहीस. जन्मभर तू लोकांना सांगत आलास की मन एकीकडे, शरीर एकीकडे असे माणसाचे तुकडे करू नका. माझे केलेस ना?

तिसऱ्या पानावर तू लिहितोस, "मी अर्जावर सही करणार नाही." मी अजून मागितलीही नव्हती, पण ओळखलंस. हो, मला फेरतपासणीच्या अर्जावर तुझी सही हवी आहे. जबाबदार नातेवाईक म्हणून तुझं नाव आहे, थोरला म्हणून. बाबांचा व्यायाम घेणारी फिजिओ काल मला जिन्यात भेटली. तिने स्पष्ट सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पहिले सहा-सात महिने जे होईल ते होईल, पुढे फार हळू. पाच महिने झाले. वर्षभर थांबायचं म्हणजे थांबायला काही उरणारच नाही.

तू म्हणतोस, "टेबलाला पट्ट्यांनी बांधून त्यांना उभं करायचे तेव्हा ते रडायचे, ते मी पाहिलं, तू पाहिलं नाहीस." खरं आहे. सकाळचा व्यायाम तुझ्याकडे होता आणि संध्याकाळ माझ्याकडे. मला शांत झोपलेले बाबा मिळायचे. तू हे मला तेव्हा का सांगितलं नाहीस, दादा? मी काय मोडून पडले असते का?

तळमजला तू पाहिलेला नाहीस म्हणून सांगते. सोळा खाटा. भिंती स्वच्छ, फरशी स्वच्छ, वास नाही. एक मावशी दर दोन तासांनी प्रत्येकाला कुशीवर वळवतात. चांगल्या आहेत, उगाच ओढाताण करत नाहीत. पण बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "सुरुवातीला बोलायचे हो मी. पण खाटेच्या पाटीवर नुसतं 'देखभाल' लिहिलंय, मग वाटायला लागलं आपण वेड्यासारखं कुणाशी बोलतोय." एका शब्दाच्या पाटीने त्या बाईचं तोंड बंद झालं. आणि तो शब्द तिथे माझ्या पेन्सिलीने गेला.

बाबांच्या खाटेशी बसले की दुकान आठवतं. तयार कपड्यांच्या लहान, मध्यम, मोठं या मापांवर त्यांचा किती राग. म्हणायचे, माणूस लहान किंवा मोठा नसतो, त्याची छाती असते, खांदा असतो, बाही असते, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. मग मला वाटलं, आपण दोघांनी रेघ आणून एवढा काय पराक्रम केला? हो एका टोकाला बांधलं, नाही दुसऱ्या टोकाला, आणि मधे दोरी ताणली. चौकोन दोनच राहिले, फक्त लांब गेले. बाबांना सांगितलेलं कळत नसेल, आणि कापड कळत असेल. मग त्यांना त्या रेघेवर कुठे ठेवायचं? खांदा आणि बाही एकाच आकड्यात कशी लिहायची? हे तुला पुस्तकासाठी हवं असेल तर घे. मला सही पाठव.

बहीण

२१ मार्च, सकाळी

दादा,

सही आली नाही. त्याऐवजी तू विभागप्रमुख बाईंना पत्र पाठवलंस. ते काल त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

मी तक्रार केली होती हे तुला कळलंच असेल. परीक्षक मुलगी, रुग्ण बाप, तेव्हा खूण रद्द करा. बाईंनी नियमांची वही काढली. त्यात तुझ्याच भाषेत लिहिलंय की नातेवाइकाची क्लिप गेलीच आणि परीक्षकाने रुग्णाला ओळखलं नसेल, तर खूण ग्राह्य. ओळखलं असेल तर खूण रद्द, ताबडतोब फेरतपासणी, आणि ओळखूनही गप्प बसलेल्या परीक्षकाला कामावरून कमी करून त्याच्या जुन्या खुणा पुन्हा तपासायच्या. मग त्यांनी एक फॉर्म दिला. त्यावर दोन चौकोन आहेत. रुग्णास ओळखले. रुग्णास ओळखले नाही. हसू नकोस. मी हसले, बाईंना आवडलं नाही.

तुझ्या पत्रात आहे, "माझ्या बहिणीने ओळखले नव्हते याची मला पूर्ण खात्री आहे." मागाहून मला वेगळी चिठ्ठी, की हे तुझ्याच भल्यासाठी आहे, सरळ 'नाही' वर खूण कर आणि मोकळी हो. ज्या माणसाने आयुष्यभर सरळ 'नाही' म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं, तो मला सरळ नाही म्हण म्हणतोय. तुझी खात्री कशावरून आली रे? तू माझ्या आत बसला होतास?

बाईंनी सोमवारपर्यंत वेळ दिला आहे. आता जे लिहिते ते कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या पत्रात मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले असं लिहिलं ना, ते खरं आहे. पण नाव वाचून धक्का बसला असं तुला वाटावं अशा बेताने लिहिलं होतं. धक्का तो नव्हता.

तिसऱ्या मिनिटाला डॉक्टर कागद उलटत होते, काही सांगत नव्हते. तेवढ्यात हाताने चादरीची कड धरली. अंगठा आणि दोन बोटं. कड थोडी चोळली, मग घडी घालून दाबली, आणि सोडली. पुन्हा धरली, चोळली, दाबली, सोडली. घडी पडते की विरते ते बघायचं असतं. सुती असेल तर पडते. हे तुला मी सांगायला हवं का?

नियमाप्रमाणे सांगण्याआधी झालेली हालचाल मोजायची नसते. मी मोजली नाही. पण ओळखलं का? माझी बोटं ओढणीची कड चोळायला लागली, तेव्हा बोटांनी ओळखलं. डोक्यात वाक्य आलं, 'कुणीतरी शिंपी दिसतोय.' कुणीतरी. ते 'कुणीतरी' माझं मीच तिथे आणून बसवलं, दारात खुर्ची आडवी लावावी तसं. पलीकडे काय आहे हे माहीत असल्याशिवाय कुणी खुर्ची लावतं का? पण मी दार उघडून पाहिलं नाही हेही खरं आहे. मी पाऊण मिनिटात खूण केली. इतकी भरभर मी कधीच करत नाही. मग चहा प्यायले, बिस्किटं खाल्ली आणि तीनशे अठरा सुरू केलं. ती खूण दोनवर का केली? नियमाने, असं मी स्वतःला सांगितलं. एरवी असा हात दिसला तर मी नियमाला थोडा चिमटा काढून चारवर नेते, हे तुला ठाऊक आहे, तू त्यावरून मला चिडवायचास.

चार महिने रोज संध्याकाळी कामावरून थेट खाटेशी. मी थकले होते, दादा. ते नसावेत असं मला वाटलं नाही. त्या खाटेवर आपल्याला ओळखीचं कुणी नसावं, म्हणजे आपण घरी जाऊन झोपू शकू, असं वाटलं. या दोन्हींत फरक आहे का ते तू सांग, तू शिकलेला आहेस.

म्हणजे तुला हवं होतं ते माणूस तुला मिळालंच नाही. माया करणारं होतं, पण माहीत नसलेलं नव्हतं. माहीत असलेलंही नव्हतं म्हण. तुझ्या भाषेत याला छान नाव असेल, त्यावर परिषद भरवता येईल. माझ्याकडे सोमवारपर्यंत दोन चौकोन आहेत. 'नाही' वर खूण केली तर नोकरी राहते, तू राहतोस, आणि बाबा तळमजल्यावर राहतात.

तुला सांगायला म्हणून हे लिहिलं. सल्ला मागत नाही.

११ एप्रिल

दादा,

तू तीन पत्रं पाठवलीस. वाचली. उत्तर उशिरा देते कारण मला नवं काम शोधायचं होतं. एका दवाखान्यात अर्धवेळ मिळालं आहे, केसपेपर काढायचं. बरं आहे, तिथे सगळ्यांना नावं असतात.

त्या सोमवारी मी बाईंना विचारलं, मधे कुठे लिहिता येईल का? त्या म्हणाल्या, नाही. मागच्या बाजूला सगळं लिहून देऊ का? म्हणाल्या, मागची बाजू स्कॅन होत नाही. मग मी 'ओळखले' वर खूण केली.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की नाही," मी म्हटलं. "पण दुसऱ्या चौकोनात बाबा मरतात."

बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला. मग म्हणाल्या, त्यांच्या हाताखाली इतक्या वर्षांत इतका चोख डोळा दुसरा नव्हता, आणि माझं ओळखपत्र मागून घेतलं. खुर्चीवरची माझी उशी घेऊन मी निघाले. माझ्या अकरा वर्षांच्या खुणा आता दोन जण बसून पुन्हा बघताहेत. त्यातल्या कुणाला मी उगाच खाली पाठवलं असेल, तर ते निघू दे. हे लिहायला सोपं आहे. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच डोक्यात येतं.

बाबांची फेरतपासणी झाली. या वेळी बाहेरच्या दोघांनी बघितलं, खरोखर बाहेरच्या. एकाने चारवर खूण केली, दुसऱ्याने सातवर. सरासरी साडेपाच. अर्ध्या सेंटिमीटरने बाबा 'आहेत' असं ठरलं आणि त्यांना सहा आठवड्यांसाठी वर नेलं. तुझी रेघ, तुझंच पाच. आनंद मानायचा की नाही ते मला कळेना, पण स्ट्रेचरमागून मी जिने चढले तेव्हा पाय हलके होते.

फिजिओला मी दुकानातले तुकडे नेऊन दिले. लोकर दिली की बोटं धरून ठेवतात. नायलॉन दिलं की सोडून देतात. तीनदा दिलं, तीनदा सोडलं. "अंगठा वर करा" म्हटलं तर मात्र काही नाही. याला कुठला आकडा द्यायचा मला माहीत नाही, आणि आता मला कुणी विचारतही नाही.

तुझं एक खरं निघालं. टेबल उभं केलं की ते रडतात. आवाज होत नाही, नुसतं पाणी येतं आणि तोंड वाकडं होतं. पहिल्या दिवशी मी बाहेर पळाले. मग कळलं तू काय पाहत होतास रोज सकाळी, एकटा, आणि नंतर कँटीनमध्ये येऊन माझ्यासमोर जेवत होतास. त्यांना ते नको आहे म्हणून रडतात, की उभं राहिल्यावर आपण कुठे आहोत ते कळतं म्हणून, हे फिजिओलाही सांगता येत नाही. तुझं म्हणणं बरोबर असू शकतं. मी त्यांचा छळ करत असेन.

शेवटच्या पत्रात तू विचारलंस, मी तुला माफ केलं आहे का. अजूनही तुला एका शब्दाचं उत्तर लागतं. तू मला फसवलंस, यात मी काही कमी करत नाही. तू खोटं बोललास, माझ्या ताटासमोर बसून बोललास. त्या खुणेत माझाही हात होता, तेही कमी करत नाही. एकाने दुसरं फिटत नाही. दोन्ही घेऊन मी रोज हॉस्पिटलात जाते.

पुढच्या आठवड्यापासून टेबलाच्या पट्ट्या काढणार आहेत. पट्ट्यांऐवजी दोन्ही बाजूंना माणसं लागतात, आणि फिजिओ म्हणते घरची असली तर बरं, अंगाला ओळखीचा स्पर्श लागतो. कोण कोण आहात, असं तिने विचारलं. मी दोघं म्हटलं.

शनिवारी सकाळी दहाला ये. त्यांची उजवी बाजू जड आहे, ती तू धरायची.